अंडं टोचून वीस तास झाले, पिलू पुढे सरकत नाही. मदत करावी का?

काळी_तलंग
गावरान कोंबडीची १४ अंडी, पंख्याचं छोटं इनक्युबेटर, आज २१वा दिवस. तापमान ३७.६, आर्द्रता मीटरवर ६०. ठिकाण लातूर, बाहेर मे महिन्याची कोरडी हवा. नऊ पिलं निघाली. एका अंड्याला काल दुपारी बारीक भोक पडलं, पण वीस तासांत चीर वाढलेली नाही. भोकाच्या कडेचा पडदा पिवळट-तपकिरी आणि कागदासारखा झालाय. आतून आवाज येतो. दुसऱ्या एका अंड्यातूनही चिवचिव ऐकू येते, पण कवच अखंड आहे. बाकी तीन शांत. निघालेली पिलं काढायला झाकण चार-पाच वेळा उघडलं होतं. टरफल सोलू का?

उबवणी_कट्टा
आत्ता लगेच नको. पहिलं भोक पडल्यापासून १२ ते २४ तास पिलू निवांत असतं, आणि हा वेळ वाया गेलेला नसतो. तेव्हा पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त अंगात ओढलं जातं, उरलेला बलक पोटात जातो आणि बेंबी मिटते. त्याआधी सोललं तर बहुतेक वेळा पिलू रक्तस्रावाने जातं. टरफलात अडकून मरणाऱ्यांपेक्षा घाईने सोलून मारलेली पिलं जास्त असतात.

पण तुमचा पडदा तपकिरी झालाय, ही खूण महत्त्वाची. बरोबर चाललेल्या अंड्यात पडदा पांढरा, लवचीक राहतो. झाकण उघडलं की आतली ओली हवा जाते आणि टोचलेल्या अंड्याचा पडदा पिलाभोवती आवळतो. मग पिलाला मान फिरवता येत नाही, आणि मान फिरल्याशिवाय गोल चीर पडत नाही. म्हणून आधी आर्द्रता ७० वर न्या: कोमट पाण्याची वाटी आणि ओला स्पंज आत ठेवा, झाकण बंद. भोकापासून २४ तास पूर्ण होईपर्यंत थांबा. तरी काही हललं नाही तर असं करा:

१. खोलीतला पंखा, एसी बंद. हात साबणाने धुवा. बोथट चिमटा, इअरबड, कोमट पाणी, खोबरेल तेल आणि थोडं कॉर्नफ्लोर जवळ ठेवा.
२. चोच कुठे आहे ते बघा. भोकापासून अंड्याच्या रुंद टोकाकडे, म्हणजे हवेच्या पोकळीवरचं टरफल चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढं उचलत चला. पडद्याला हात लावू नका.
३. इअरबड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, पडद्यावर टेकवा. पडदा ओला झाला की पारदर्शक होतो आणि लाल रेषा दिसतात. पाणी नाकपुड्यांत जाता कामा नये. तेलही तसंच, चोचीपासून दूर.
४. ठळक लाल वाहिन्या दिसल्या तर तिथेच थांबा. उघड्या पडद्यावर तेलाचं पातळ बोट फिरवा, अंडं परत आत, चार-सहा तासांनी पुन्हा बघा.
५. वाहिन्या नसतील तर चोचीवरचा पडदा मोकळा करा आणि रुंद भागाभोवती टोपीसारखं टरफल काढा. खालचा अर्धा भाग तसाच. पिलू स्वतः पाय झाडून बाहेर आलं पाहिजे. बलक किंवा बेंबीचं काम उरलं असेल तर ते त्या खालच्या अर्ध्यातच पुरं होतं.

रक्ताचा थेंब आला तर कॉर्नफ्लोर लावून हलका दाब द्या आणि त्या दिवसापुरतं काम बंद. पिलू चोच जांभई दिल्यासारखी उघडमीट करत असेल तर बलक अजून आत जातोय असं समजा, हात लावू नका.

काळी_तलंग
आणि ज्याला भोकच नाही ते?

उबवणी_कट्टा
अंधारात टॉर्च लावा. पोकळीत चोचीची सावली हलत असेल तर पिलाने आतला पडदा फोडलाय आणि ते पोकळीतली हवा घेतंय. तिथला प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानेच मानेमागचा स्नायू झटके देतो आणि चोचीवरचा दात कवच फोडतो. म्हणून लगेच भोक पाडू नका. आतली चिवचिव सुरू होऊन २४ तास उलटले तरच रुंद टोकाच्या अगदी माथ्यावर स्वच्छ सुईने दोन-तीन मिलिमीटरचं भोक कोरा. त्यापुढे काही करायचं नाही.

भोक निमुळत्या टोकाकडे पडलं असेल तर पिलू उलटं आहे. तिथे पोकळी नाही आणि पडदा रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. फक्त चोचीपुरती जागा मोकळी ठेवा आणि जास्त वेळ द्या.

डोंगरी_पालन
माझं मत थोडं वेगळं. अशी सोडवलेली पिलं वाढवा, पण पैदाशीला ठेवू नका. एकाच कोंबडीची पिलं दर खेपेला उलटी बसत असतील तर तो दोष पुढे नेण्यात अर्थ नाही.

उबवणी_कट्टा
उलटं बसण्याबद्दल मान्य. पण कोरड्या हवेने आवळलेलं पिलू कमजोर रक्ताचं नसतं, ती यंत्र चालवणाऱ्याची चूक. दोन्ही एका मापाने मोजू नका.

बदकवाला_वेंगुर्ला
बदकाची अंडी लावणाऱ्यांनी वरचे तास तसेच धरू नयेत. बदकाला २८ दिवस लागतात आणि भोकापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास सहज जातात.

बाहेर आल्यावर बेंबीला पोव्हिडोन आयोडीन लावा. बलकाची पिशवी बाहेर दिसली तर कापू नका, आत ढकलूही नका. ओल्या स्वच्छ कापडाच्या वाटीत बसवून पुन्हा यंत्रात ठेवा. खाण्याची घाई नाही, पोटातला बलक दोन-तीन दिवस पुरतो. गुळगुळीत वर्तमानपत्रावर मात्र सोडू नका, पाय फाकतात. गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला.

काळी_तलंग
२५ तासांनी वरची टोपी काढली. वाहिन्या नव्हत्या. पिलू तासाभरात स्वतः बाहेर आलं. दुसऱ्या अंड्याला आपोआप भोक पडलं. पण मीटर ६० दाखवत होता, मग पडदा वाळला कसा?

उबवणी_कट्टा
मीटर तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थेंबथेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीटरसोबत हवाबंद पिशवीत १२ तास. ७५ दाखवायला हवा.

काळी_तलंग
८४.

उबवणी_कट्टा
नऊने जास्त दाखवतोय. तुमचे ६० म्हणजे खरे ५१ च्या आसपास. पहिले १८ दिवस ४५ ठेवले असतील तर ते खरे ३६, म्हणजे अंडी आधीच जास्त सुकली होती. पुढच्या खेपेला अंडी वजन करून बसवा: ५० ग्रॅमचं अंडं १८व्या दिवशी ४४ च्या आसपास यायला हवं. ४२ वर गेलं तर पाणी वाढवा, ४६ वर राहिलं तर कमी करा. बसवल्याचा दिवस शून्य धरा. १८व्या दिवसापासून मीटरवर ७५ ते ७८, आणि पहिलं पिलू वाळलं तरी शेवटचं टोचलेलं अंडं फुटेपर्यंत झाकण बंद.