दारूगोळ्याचा डेपो उडवला की फौज अडते का?

अंबाझरीकर
डेपोत किती गोळे जळाले, हे मोजून काही कळत नाही. ट्रकच्या खेपा मोजा. जून 2022 मध्ये युक्रेनला अमेरिकेचे हायमार्स रॉकेट-लाँचर मिळाले, मारा 70-80 किमी. रशियाचे डेपो रेल्वेला लागून, याच टप्प्यात. जुलैत नोव्हा काखोव्कासकट एकेक उडू लागले, तसा साठा मागे सरकला. 152 मिमी तोफेचा एक गोळा 43 किलोच्या आसपास. हजार गोळ्यांचे 43 टन. चार्ज (गोळा फेकणारी बारूद) आणि लाकडी पेट्या धरा, 60 च्या वर जातं. पाच टनी ट्रकच्या डझनभर खेपा. डेपो 30 किमीवर असेल तर एक ट्रक दिवसाला तीन खेपा काढतो. 100 वर गेला, तेही रात्री दिवे बंद करून, की एकच. तेवढ्याच गोळ्यांना तिप्पट ट्रक. त्यात पेट्या हाताने चढवायच्या-उतरवायच्या.

कामठी लाइन
हिशेब पटला भाऊ, पण पुढची फौज गप्प बसते का? 29 जून 1966 ला अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या हनोई-हायफाँगच्या तेलसाठ्यांवर बाँबफेक सुरू केली. मोठ्या टाक्या बहुतेक गेल्या. पण तेल आधीच 200 लिटरच्या पिपांत भरून जागोजागी पसरलं होतं. दक्षिणेकडची रसद चालूच राहिली.

अंबाझरीकर
त्यांची तेलाची गरजच थोडी होती, हे विसरून राहिले तुम्ही. पीप कुठंही लोटून देता येतं. तोफगोळ्याचं तसं नाही ना बाप्पा! गोळा एका ढिगात, तो फोडणारा फ्यूज दुसऱ्यात, चार्ज तिसऱ्यात. फ्यूज पोचला नाही की तोफ गप्प. पसरवताना चार्जचे वेगवेगळ्या वेळी बनलेले लॉट मिसळले की गोळ्याचा वेग बदलतो. एक लांब पडतो, एक आखूड. रेंज पुन्हा जुळवण्यात आणखी गोळे जातात.

वर्धा रोड
थप्पी कशी रचली, हे दोघंही बोलत नाही. आपल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोला 31 मे 2016 ला आग लागली, सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत होतं. माणसं गेली, पण आग एका शेडपुरती राहिली. शेडांत अंतर आणि मधे मातीचे बांध, यासाठीच असतात. लढाईच्या घाईत पेट्या शेडबाहेर, वॅगनजवळच रचतात. मग एक ड्रोनही पुरतं.

कामठी लाइन
मान्य. तरी डेपो पुन्हा भरतो, कारखाना तसा उभा राहत नाही. आपल्याकडेच बघा: गोळ्याचं कवच अंबाझरीच्या कारखान्यात, बारूद भंडाऱ्यात, भरणी चांद्यात. भंडारा बंद पडला तर पुलगाव कितीही सुरक्षित असून काय? जर्मनीचं विमान-पेट्रोलचं उत्पादन एप्रिल 1944 मध्ये 1,75,000 टन होतं, सप्टेंबरात 10,000 च्या आत. तो मारा कारखान्यांवर होता.

अंबाझरीकर
कारखान्याचा परिणाम दिसायला महिने लागतात, डेपोचा त्याच आठवड्यात. पण नुसत्या डेपोने भागत नाही, हे मानतो. युक्रेनच्या खेरसोनला सोबत नीपर नदीवरच्या अंतोनिव्का पुलावरही मारा चालू होता. ट्रक नदीवर तराफ्यासाठी थांबले. नोव्हेंबरात रशियाने पश्चिम काठ सोडला. पूल शाबूत असता, तर वाढलेल्या खेपा त्यांनी कशाबशा निभावल्या असत्या.