अमेरिकेतल्या विनाकागदपत्र स्थलांतरितांना माफी द्यावी का? १९८६च्या कायद्यातून धडा कोणता घ्यायचा?

पूर्वरंग (धागाकर्ता; इथे प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्या सदस्याचं टोपणनाव आहे):

प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणारे लोक १ कोटी ४० लाखांच्या घरात होते. इतक्यांना हुडकून, इमिग्रेशन न्यायालयात उभं करून परत धाडणं कुठल्याच सरकारच्या आवाक्यातलं नाही. वर्षानुवर्षं तिथे राबणाऱ्या आणि गंभीर गुन्हा नसलेल्या माणसांना नियमित करून घ्यावं, या मताचा मी आहे. त्यावर उत्तर ठरलेलं असतं: "१९८६ला राष्ट्राध्यक्ष रेगननी माफी दिली, काय झालं? पुन्हा तेवढेच आले." तेवढेच नव्हे, जास्त आले. पण का आले, हे त्या कायद्याची कलमं वाचल्याशिवाय कळत नाही.

६ नोव्हेंबर १९८६ला सही झालेल्या त्या कायद्यात दोन वाटा होत्या. सर्वसाधारण वाटेसाठी १ जानेवारी १९८२च्या आधीपासून सलग वास्तव्य हवं होतं. अर्जाची मुदत ५ मे १९८७ ते ४ मे १९८८. शुल्क प्रौढाला १८५ डॉलर, अख्ख्या कुटुंबाला जास्तीत जास्त ४२०. आधी तात्पुरता दर्जा मिळे. दीड वर्षानंतर ग्रीनकार्डासाठी दुसरा अर्ज, आणि त्या वेळी इंग्रजी व नागरिकशास्त्राची परीक्षा किंवा मान्यताप्राप्त वर्गाची हजेरी. दुसरी वाट शेतमजुरांची: १ मे १९८६ला संपणाऱ्या वर्षात फळं, भाज्या अशा नाशवंत मालाच्या शेतात ९० दिवस काम केलेलं असावं. दोन्ही वाटांनी मिळून सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले.

घोडं पेंड खातं ते तारखेपाशी. कायदा १९८६च्या अखेरीस झाला आणि सीमातारीख जवळजवळ पाच वर्षं मागची. या पाच वर्षांत आलेले सगळे पहिल्याच दिवशी बाहेर राहिले, आणि ते कुठे परत जाणार होते? नवरा १९८१ला आलेला, बायको १९८३ला. नवरा पात्र, बायको हद्दपारीच्या छायेत. अशा बायका-मुलांना कायद्याचं संरक्षण मिळायला १९९० उजाडलं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढे येणाऱ्या मजुरांसाठी पुरेसं कायदेशीर दारच ठेवलं नाही. आजही अकुशल कामगारांसाठी नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला जास्तीत जास्त १० हजार, तीही कामगाराची बायकामुलं धरून. शेती, बांधकाम, हॉटेलं, मांसप्रक्रिया या धंद्यांची भूक त्यात कशी भागणार?

माझा प्रस्ताव असा. अमेरिकेत १९२९पासून 'रजिस्ट्री' नावाची तरतूद आहे: ठरावीक तारखेआधीपासून सतत राहिलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला ग्रीनकार्ड मागता येतं. ती तारीख १९८६मध्ये शेवटची सरकवली, १ जानेवारी १९७२वर आणली, आणि तिथेच ती गोठली. ती दरवर्षी आपोआप पुढे सरकू द्या. दहा वर्षं राहिलात, कर भरलात, गुन्हा नाही, तर अर्ज करा. मग दर पिढीला एकदा सरसकट माफीचा विषय निघणारच नाही.

सीमारेषा:

तारखेबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य, पण पुराव्याचा भाग तुम्ही भरभर उरकलात, आणि फसवणूक तिथेच झाली. शेतमजुरांच्या वाटेनं जवळपास १३ लाख अर्ज आले. अपेक्षा त्याच्या कितीतरी खालची होती. कारण कलमातच होतं. शेतात मजुरी रोख मिळते, मुकादम हजेरीपट ठेवत नाही, म्हणून कायद्यानं सवलत दिली: अर्जदाराच्या कागदांवरून त्यानं काम केलं असावं असा वाजवी निष्कर्ष निघत असेल, तर ते खोटं ठरवण्याची जबाबदारी सरकारची. मुकादमाचं प्रतिज्ञापत्र आणलं की बाजू भक्कम. ते खोडायला सरकारनं हजेरीपट कुठून आणावा? असलाच नाही तर काय दाखवणार?

दुसरी बाजू मालकांची. माफीच्या बदल्यात मालकांवर बंधनं येणार होती. त्यातून आय-९ फॉर्म आला. कामगारानं ओळख आणि कामाचा हक्क दाखवणारे कागद द्यायचे, मालकानं ते 'खरे दिसतात' एवढं बघायचं. दंड बेकायदा कामगार जाणूनबुजून ठेवल्याचा, म्हणजे मालकाच्या मनात काय होतं हे सिद्ध करायचं. मालकानं ठरल्यापेक्षा जास्त कागद मागितले तर उलट त्याच्यावरच भेदभावाची तक्रार. मग नकली ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्डाचा बाजार फुलला यात नवल नाही. ई-व्हेरिफाय (कामाचा हक्क सरकारी नोंदींशी ऑनलाइन पडताळणारी यंत्रणा) आली तरी ती देशभर सक्तीची नाही. शिवाय ती नाव, जन्मतारीख आणि नंबर जुळतो का ते मुख्यतः बघते. दुसऱ्याची खरी ओळख वापरली तर माणूस पार होऊ शकतो.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी कामाच्या जागेची तपासणी बसवा, ती चालते हे दिसू द्या, मग माफी. ग्रीनकार्ड एकदा हातात पडलं की सहसा परत घेता येत नाही. तपासणी मात्र पुढच्या बजेटात गुंडाळून ठेवता येते. १९८६नंतर तेच घडलं.

तिठा:

या सगळ्यात ग्रीनकार्डासाठी कायदेशीरपणे रांगेत उभ्या असलेल्यांचं काय? नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि एका देशाला साधारण ७ टक्के, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबते. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत हे आकडे तोंडपाठ आहेत. मूल चार वर्षांचं असताना एच-४वर (नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) नेलं, तिथल्याच शाळेत शिकलं, आणि २१ पूर्ण झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर.

बरं, लहानपणी आणलेल्या विनाकागदपत्र मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी २०१२ची डाका योजना तरी या मुलांच्या कामी यावी? तिची अट अशी की १५ जून २०१२ला तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसावा. म्हणजे व्हिसा वेळेवर वाढवणाऱ्या आईबापांची मुलं नेमकी त्यामुळेच अपात्र. पुढची कुठलीही माफी या मुलांपासून सुरू होत नसेल तर माझा तिला ठाम विरोध आहे.

पूर्वरंग:

तिठा, मुलांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण रांग तुंबली ती ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे. १९८६च्या माफीतली ग्रीनकार्डं वार्षिक कोट्यातून कापली नव्हती. २०१३चं सिनेटचं विधेयक बघा, ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालेलं. त्यात विनाकागदपत्र लोकांना ग्रीनकार्डासाठी साधारण दहा वर्षं थांबायचं होतं, तेही जुनी रांग संपल्यावरच. आणि नोकरीच्या ग्रीनकार्डांवरची देशनिहाय मर्यादा त्याच विधेयकात उठवली होती. प्रतिनिधिगृहानं ते मतदानालाच घेतलं नाही, आणि दोन्ही गटांचं नुकसान झालं.

शिवाय "त्यांनीही रांगेत यावं" असं म्हणतो तेव्हा रांग कुठे आहे ते दाखवावं लागतं. सीमा चोरून ओलांडलेल्या माणसानं अमेरिकन नागरिकाशी खरंखुरं लग्न केलं, तरी सहसा त्याला देशात राहून ग्रीनकार्ड मिळत नाही. व्हिसासाठी मायदेशी जावं लागतं. आणि १९९६च्या कायद्यानुसार वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहून बाहेर पाऊल टाकलं की परत यायला १० वर्षांची बंदी. १८० दिवसांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षांची. सूट मागता येते, पण नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराला अथवा आईबापांना पराकोटीचा त्रास होईल हे सिद्ध करून. मुलांचा त्रास थेट धरत नाहीत. या बंदीनं लोक बाहेर गेले नाहीत, आत अडकले.

खारेवारे:

आखातातलं उदाहरण इथे जोडतो, कारण रत्नागिरी आणि गोव्याकडची माणसं तिथे आहेत. अमिरातीनं २०२४मध्ये १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत सवलत दिली: व्हिसाची मुदत उलटल्याचा दंड माफ, पुन्हा येण्यावर बंदी नाही, किंवा नवा मालक शोधून तिथेच नियमित व्हा. पासपोर्ट हरवलेल्यांना वकिलातीतून आणीबाणीचा प्रवासदाखला घ्यावा लागे. अशी सवलत २०१८लाही होती. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे तुलना मर्यादित. पण ठरावीक वर्षांनी खिडकी उघडते हे कळलं की पुढच्या खिडकीची वाट बघत राहणारे निघतात, हा माफीवरचा आक्षेप तिथे लागू पडतो.

ओसरी:

खिडकीपेक्षा कायमचं दार बरं, याला स्पेनचा दाखला आहे. फेब्रुवारी ते मे २००५ या तीन महिन्यांत तिथे जवळपास ७ लाख अर्ज आले. अर्ज कामगारानं नव्हे, मालकानं करायचा. तीन कागद मुख्य: ८ ऑगस्ट २००४च्या आधी नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव, निदान सहा महिन्यांचा करार (शेतीत तीन), आणि गुन्हा नसल्याचा दाखला. मंजुरी आली तरी परवाना लागू कधी? मालकानं कामगाराला सामाजिक सुरक्षेत नोंदवून पैसे भरायला सुरुवात केल्यावर. म्हणजे सीमारेषा म्हणतात ती तपासणी आणि माफी एकाच कागदात. अडचणही तिथेच आली: मालकानं सहीच नाकारली तर कामगार लटकला. अनेक घरी कामं करणाऱ्या मोलकरणींना म्हणून स्वतः अर्ज करायची मुभा होती. त्या मोहिमेबरोबरच ठरावीक वर्षं राहिल्याच्या आधारावर परवाना देणारी कायमची तरतूद आली, ती आजही चालू आहे.

सीमारेषा:

स्पेनला जमलं कारण नगरपालिकेची नोंदवही होती, व्हिसा असो वा नसो, तिच्यात नाव लागे. अमेरिकेत तसं काहीच नाही. दहा वर्षांचं वास्तव्य कशावरून मोजणार? पुन्हा प्रतिज्ञापत्रांवरून?

पूर्वरंग:

करभरण्यावरून. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना करविभाग १९९६पासून आयटीआयएन हा कर भरण्यापुरता ओळखक्रमांक देतो. दरवर्षीचं विवरणपत्र ही सरकारच्याच दप्तरातली तारखेसह नोंद. मुकादमाची सही त्यापुढे काहीच नाही. पण एप्रिल २०२५मध्ये करविभागानं आयसीईला, म्हणजे हद्दपारी करणाऱ्या खात्याला, माहिती देण्याचा करार केला. ती माहिती हद्दपारीसाठी वापरली जाणार असेल तर लोक विवरणपत्र भरणं सोडतील. १९८६च्या कायद्यात अर्जातली माहिती हद्दपारीसाठी वापरायला मनाई होती. तेवढं कलम करविभागापुरतं तरी परत आणायला हवं.

सीमारेषा:

ते कलम मला चालेल, पण दोन अटींवर. ई-व्हेरिफाय देशभर सक्तीची करा, आणि लायसन्सवरचा फोटो त्या राज्याच्या नोंदीशी जुळवण्याची सोय तिला जोडा. आणि विवरणपत्रं मागच्या तारखांची, एकगठ्ठा भरलेली चालणार नाहीत. त्या त्या वर्षी भरलेलीच मोजायची.

तिठा:

आणि २१ पूर्ण झालेल्या मुलांचं कलम पहिल्या पानावर. ते वगळलं तर मी पुन्हा विरोधातच.