अनुभव धागा: चौरस फिरवला की पतंग होतो!

सहावी ते आठवीच्या मुलांकडून भूमितीत ऐकलेली चुकीची उत्तरं इथे लिहा. 'पायाच कच्चा' एवढं म्हणून सोडू नका, उत्तर तसं का आलं असावं तेही सांगा. माझ्यापासून सुरुवात. पुठ्ठ्याचा चौरस वर्गात दाखवला, सगळे म्हणाले चौरस. तोच 45 अंशांत फिरवून धरला, तर अर्धा वर्ग 'पतंग, पतंग' ओरडला. (भूमितीत शेजारच्या समान बाजूंच्या दोन जोड्या असलेल्या चौकोनाला पतंग म्हणतात, त्या अर्थी चौरस हा पतंगही असतोच म्हणा, पण पोरांना ते म्हणायचं नव्हतं!) फळ्यावरचा प्रत्येक चौरस तळाशी आडवा बसलेला. मुलांनी तेही गुणधर्मांत धरलं.

एक आई: चांगला ऐसपैस कोन, 130 अंशांचा. लेकीचं उत्तर 50. कोनमापकावर दोन्ही बाजूंनी आकडे असतात, तिने भलतीकडचे वाचले. आता मोजण्याआधीच विचारते, काटकोनापेक्षा मोठा की लहान?

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक: दोन कोन 40 अंशांचेच, एकाच्या भुजा वीतभर, दुसऱ्याच्या हातभर. 'हातभरवाला मोठा.' ट्रेसिंग पेपरवर एक उतरवून दुसऱ्यावर ठेवला, तरी एकजण हटेना: 'पण सर, मधली जागा जास्त आहे ना?' जागा खरंच जास्त दिसते, तो बघत होता क्षेत्रफळ.

सातवीची शिक्षिका: आमच्याकडे दरवर्षीचा घोळ म्हणजे समांतरभुज चौकोन. पाया 8 सेमी, तिरकी बाजू 5, उंची 4. क्षेत्रफळ? वर्गातून हमखास 40. आयताला बाजू गुणिले बाजू चाललं, मग इथे का नाही? मग स्ट्रॉ दोऱ्यात ओवून 8 बाय 5 चा आयत करायला लावते आणि तो हळूहळू कलवायला सांगते. बाजू त्याच, परिमिती 26 ची 26, पण आतली जागा कमी होत जाते आणि शेवटी चौकट चपटी होऊन पडते. 'आता पण 40 का?' विचारलं की वर्ग हसतो. काहीजण पुढच्या चाचणीत पुन्हा 40 लिहितात, तो भाग वेगळा.

आणखी एक शिक्षक: विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर काढलेला लंब. विशालकोनाची एक बाजू पाया धरली की पाया वाढवावा लागतो, उंची बाहेर पडते. मुलांना मान्यच नाही, ती शिरोबिंदूपासून पायाच्या मध्यापर्यंत रेघ ओढून मोकळी!

बी.एड.ची विद्यार्थिनी: पिएर व्हॅन हीले आणि दिना व्हॅन हीले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने 1957 च्या प्रबंधांत हेच मांडलंय. मूल आधी आकृती अख्खी ओळखतं, मग तिचे गुणधर्म पाहतं, त्यानंतर गुणधर्मांचे एकमेकांशी असलेले संबंध. 'चौरस हा आयतही असतो' हे त्या तिसऱ्या टप्प्यावरचं. आपण ते पहिल्यावरच्या मुलाला विचारतो.

क्लासवाला: एवढा वेळ कुणाकडे आहे? पाया गुणिले उंची, पाठ करा, मार्क पडतात.

धागाकर्ती: सर, तोच चौकोन उभा करून द्या, पाया डावीकडे येईल असा. किती जणांना उंची सापडते, ते इथे कळवा.