नागपूर : पाहुण्याला तुम्ही काय दाखवता, काय खाऊ घालता?

मागच्या महिन्यात पुण्याची मावसबहीण दोन दिवसांसाठी आली होती. संत्री आणि ऊन, नागपूरबद्दल तिला एवढंच माहीत. सकाळी सकाळी तिला झिरो माइलला नेलं, इंग्रजांच्या काळी जिथून गावांची अंतरं मोजली त्या जागी. १९०७ सालचा तो दगडी खांब, शेजारी चार घोड्यांचे पुतळे. ‘हैदराबाद ३१८ मैल’ हे कोरलेले आकडे तिने बोटाने चाचपून पाहिले. मग टपरीवर तर्री पोहे. साधे कांदेपोहे, त्यावर चण्याचा रस्सा, पळीभर लाल तर्री, कच्चा कांदा आणि लिंबू. डोळ्यांत पाणी आलं तरी बाईंनी दुसरी प्लेट मागितली!

तुम्ही काय करता ते लिहा. हॉटेलांची यादी नको, स्वतःचा अनुभव हवा.

कोष्ट्याच्या घरचा मुलगा
सावजी म्हणजे नुसतं तिखट, हा समज आधी काढा. हे आमच्या हलबा कोष्टी घरांतलं जेवण. दिवसभर मागावर बसणाऱ्यांचं. आजी धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल वेगवेगळं भाजायची आणि पाट्यावर वाटायची. फोडणीला जवसाचं तेल. मसाल्याला तेल सुटेपर्यंत ती चुलीपासून हलत नसे, आणि मधेच कोणी झाकण उघडलं तर त्याची खैर नसे. पाहुणा मटण खात नसेल तर पाटवडी रस्सा करतो. बेसनाची वडी रश्श्यात आयत्या वेळी सोडायची, नाहीतर विरघळते. माग गेले. पाटा मात्र मी अजून ठेवलाय.

साताऱ्याची, लग्नानंतर नागपूरकर
पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “सांबार निवडून ठेव.” मी डाळ भिजत घातली. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्या दिवशी कळलं! हिवाळ्यात ती जुड्याजुड्यांनी येते आणि घरोघरी सांबारवड्या होतात. पातळ पारी, आत खसखस-खोबऱ्यासोबत ठासून भरलेली कोथिंबीर, वरून चिंचेचं पाणी, सोबत कढी. सासूबाई कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर तासभर पसरून ठेवतात. ओली राहिली की वडी तेलात फुटते. माहेरचं कोणी आलं की आता मीच करते.

दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारा
आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे होते. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना दिली. आजोबा त्या दिवसाबद्दल फार बोलत नसत. फक्त म्हणत, “परत येताना पाय दुखले नाहीत.” आजचा स्तूप २००१ मध्ये खुला झाला. बाहेरून सांचीची आठवण होते, पण हा आतून पोकळ आहे, मधोमध उभं राहता येतं. पाहुण्यांना मी एरवी शांत वेळी नेतो आणि बोधिवृक्षाखाली थोडं बसवतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी मात्र पुस्तकांच्या स्टॉलवरची गर्दी बघाच. पाठीवर बोचकं, कडेवर पोर आणि हातात नवीन पुस्तक. यापेक्षा मोठं नागपूर मला दाखवता येत नाही.

इतवारीचा
भाऊ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या! मारबत म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघून राहिली. दोघींची गाठ पडते तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. लोक गच्च्यांवर, खिडक्यांत. “इडा पीडा घेऊन जाय गे मारबत!” ही हाळी एकदा कानावर पडली की पोटात कालवतं. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे. त्याच दिवशी तान्हा पोळा, पोट्टे लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. असं दुसऱ्या कुठल्या शहरात नाही पाह्यलं मी.

इतिहासाची शिक्षिका
मी मुलांना गोंड राजापासून सुरुवात करायला लावते. देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या जोडून हे शहर वसवलं. भोसले नंतरचे. सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं आणि हरलं. किल्ला लष्कराकडे आहे, सामान्यांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडतो. तारीख बघूनच पाहुण्यांना बोलवा. आता टेकडीच्या पायथ्याजवळून मेट्रो जाते. वर्धा रोडला तर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. मुलांना ते फार आवडतं. पण महाल या जुन्या भागातला एखादा जुना लाकडी वाडा पाडलेला दिसला की मला त्या रस्त्याने जाववत नाही.

कळमन्याच्या बाजारात अडत असलेला
संत्र्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही? आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे येतं, जरा आंबटगोड. मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते जास्त गोड. पहाटे ढिगाऱ्यांजवळ उभं राहिलं की वासानेच जाग येते. रंगावर जाऊ नका. हिरवट सालीचंही आतून मधुर निघतं. हातात घेऊन वजन बघा, जड असेल ते घ्या. मी पाहुण्याला तिथेच एक सोलून देतो. साल सैल असते, चाकू लागत नाही.