मदत हवी आहे: शाळा सुटताना उभ्या बसेसची इंजिनं बंद कशी करवून घ्यावीत?

मंडळी, शाळेच्या वाहतूक समितीवर यंदा माझी वर्णी लागली आणि पहिल्याच महिन्यात मी चालकांची नावडती झाले.

९ डिझेल बसेस आहेत. शाळा सुटायच्या वीसेक मिनिटं आधी येतात, एकीच्या शेपटाला दुसरी लागते आणि सगळ्यांची इंजिनं चालूच. मागच्या गाडीचा दरवाजा पुढच्या सायलेन्सरपासून चार पावलांवर. पहिली-दुसरीची मुलं त्या धुरातून चढतात, त्यांची नाकं नेमकी त्याच उंचीवर. घरी आल्यावर लेकीच्या वेणीला डिझेलचा वास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं २०१२ मध्येच जाहीर केलंय, तेव्हा हा नुसता नाक मुरडण्याचा विषय नाही.

हिशोब करून बघितला. उभ्या बसचं इंजिन तासाला साधारण दीड-दोन लिटर डिझेल पितं. ९ गाड्या, २० मिनिटं, म्हणजे रोज ३ तास. रोजचे ५ लिटर धरले तरी शाळेच्या २०० दिवसांत १००० लिटर, तेही जागचं न हलता!

चालकदादा म्हणतात: परत परत मारून सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जातो, बॅटरी बसते, ब्रेक ज्या दाबाच्या हवेवर चालतात ती हवा उतरते आणि एसी बंद केला तर गाडीची भट्टी होते. यातलं खरं किती? मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. सूचनापत्रक काढून झालं. दोन दिवस पाळलं, तिसऱ्या दिवशी जैसे थे.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ (नोझलपाना)

ताई, गॅरेजमध्ये आयुष्य गेलं माझं. दिवसाला एक सेल्फ जास्त मारल्याने सेल्फ जात नाही. उलट आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू असताना, इंजिन थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, डिझेल फवारणाऱ्या नोझलवर काजळी धरते आणि न जळलेलं डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करतं. नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते आयडलवर कुठून येणार? जाळी तुंबते, मग दिवा लागतो, मग गाडी माझ्याकडे. (माझं बरंच आहे म्हणा!)

दोन अपवाद. जाळीची सफाई चालू असल्याचा दिवा दिसत असेल तर मध्येच चावी फिरवू नका. आणि चढावावरून दामटत आलेली टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) गाडी मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा.

हवेचं म्हणाल तर धडधाकट गाडीत वीस मिनिटांत हवेचा दाब दाखवणारी सुई फारशी खाली येत नाही. भराभर येत असेल तर कुठेतरी गळती आहे. पाइपांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. अशा गाडीचं इंजिन चालू ठेवणं हा इलाज नव्हे, तिला आधी दुरुस्तीला पाठवा.

प्रतिसाद २ (विजेवर चाला)

इलेक्ट्रिक बसेस घ्या, विषय संपला.

प्रतिसाद ३ (निवृत्त स्टिअरिंग)

वरच्या साहेबांनी पैसे पाठवले की घेतीलच.

बाई, २७ वर्षं शाळेची बस चालवली, म्हणून सांगतो. सेल्फ-बॅटरी ही सांगायची कारणं. खरं कारण रांग आहे. जो आधी येतो त्याची गाडी पुढे लागते आणि आधी सुटते, म्हणून सगळे वीस मिनिटं आधी पळत येतात. मग पुढची हात-दोन हात सरकली की मागच्याला सरकावं लागतं, दर वेळी कोण चावी फिरवणार? प्रत्येक गाडीला ठरलेली जागा द्या, तिरकी, म्हणजे एकीचा धूर दुसरीच्या दारावर जाणार नाही. कोणी कधी यायचं आणि कितव्या नंबरने सुटायचं ते ठरवून टाका. लवकर येण्यात फायदाच उरला नाही की कोण येतंय!

आणि चालकाला बसायला सावलीत बाकडं आणि प्यायला पाणी आहे का तुमच्याकडे? आमच्या वेळी नव्हतं. गाडीतच बसायचं म्हटल्यावर एसी लागणारच. मुलं चढायच्या दोन-तीन मिनिटं आधी चालू करायचा, तोवर खिडक्या उघड्या. सूचनापत्रक भिंतीलाच वाचू द्या, आधी दादांबरोबर चहा घ्या.

धागाकर्ती

काका, बाकड्याचं खरंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पाणीसुद्धा आतल्या इमारतीत आहे, फाटकापासून लांब. शरम वाटली.

सोमवारी खडूने तिरक्या जागा आखतोय. सहा नंबरच्या दादांना आज हवेची सुई दाखवायला सांगितली, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत चांगलीच घसरली! म्हणजे ते बिचारे खोटं बोलत नव्हते. नोझलपाना, भांडी घासायच्या साबणाचं पाणी चालेल ना?

नोझलपाना

पळेल. फेस भरपूर करा. आणि आधी चाकांना उटी (गाडी घसरू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावून मगच गाडीखाली वाका.