मदत हवी आहे: अ‍ॅड-ऑन जेटचे कॉकपिट स्क्रीन काळेच राहतात

नमस्कार मंडळी. एमएसएफएस २०२० (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर) मध्ये अ‍ॅड-ऑन, म्हणजे वेगळं घेऊन जोडलेलं, जेट मुंबईच्या २७ धावपट्टीवर लोड होतं, बाहेरून ठीक दिसतं, पण बॅटरी, एपीयू (विमानातलं वीज देणारं छोटं सहायक इंजिन) चालू करूनही पीएफडी (उड्डाणाची मुख्य माहिती दाखवणारी स्क्रीन) आणि एनडी (मार्ग दाखवणारी स्क्रीन) काळेच. सिमची मूळ विमानं व्यवस्थित चालतात, म्हणून ग्राफिक्स कार्डावर संशय नाही. कम्युनिटी फोल्डरात (जिथे अ‍ॅड-ऑन टाकतात) फक्त हेच ठेवून पाहिलं. फोल्डरात फोल्डर अडकलेलं नाही. मॅनिफेस्ट आणि लेआउट या जेसन फायली वरच्याच पातळीवर आहेत.

माझा संशय वॅझमवर, म्हणजे अ‍ॅड-ऑनच्या त्या कोडवर जो सिम आपल्या पीसीवर कंपाइल करून डीएलएल फाइल बनवतं. सिम अपडेटनंतर जुनी कंपाइल केलेली डीएलएल उरली की गेज (कॉकपिटमधली उपकरणं) सुरू होत नाहीत. ती पुसली तर पुढच्या लोडला नव्याने बनते. पण शेजारीच वर्क फोल्डर आहे, त्यात सेव्ह केलेली सेटिंग्ज असतात. ते राखून नुसती डीएलएल काढणं पुरेल का? ठाणे-ऐरोलीकडे कुणी हे सोडवलं असेल तर प्रत्यक्ष येऊन दाखवायला पीसी घेऊन येईन.