थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी : धुरकट फोटो सुधारायचे कसे?

माहेर_थळ :
मे महिन्यात माहेरी गेले होते, तेव्हा दुपारी चारच्या सुमारास थळच्या पुळणीवरून समोरच्या समुद्रातल्या खांदेरी-उंदेरी या दोन बेटांवरच्या किल्ल्यांचे फोटो काढले. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, लेन्स ५५-२५०, रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेला मूळ तपशील असलेल्या) जपून ठेवल्या आहेत. पुढे वाळूवर ओढलेल्या होड्या, मध्ये उंदेरी, तिच्या मागे खांदेरी आणि दीपगृह. डोळ्यांना छान दिसत होतं, फोटोत मात्र पाणी आणि आभाळ दोन्ही पांढुरकं. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममधला धुरकटपणा कमी करणारा डीहेझ शंभरवर नेला तर होड्या भडक झाल्या, खांदेरीभोवती उजळ कड आली आणि आभाळात करडे ठिपके उठले. बाबांना आता किनाऱ्यापर्यंत चालवत नाही. त्यांच्या खोलीत एक मोठा फोटो लावायचा आहे. काय करू?

सह्यवारा :
ताई, जमलं तर सकाळी काढा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि तटबंदीवर पडतं. चार वाजता सूर्य समोर असतो, हवेतला प्रत्येक कण चमकतो. पावसाची सर पडून गेल्यावर तर हवा धुऊन निघते.

माहेर_थळ :
खरंय, पण आता थेट दिवाळीतच जाणं होईल. तोवर हाताशी आहे त्याचंच काहीतरी करायचंय.

गलबत :
ताई, तुमचा फोटो चांगला आहे, तो वाया घालवू नका. धुरकटपणा सगळीकडून सारखा पुसायला गेलात की फोटो मरतो. होड्या गडद, उंदेरी फिकी, खांदेरी त्याहून फिकी, या उतरत्या छटांमुळेच अंतर कळतं. डीहेझ शंभरवर नेलात की दोन्ही किल्ले एकमेकांना चिकटतात.

आधी क्रॉप. वरचं रिकामं आभाळ आणि खालची बरीचशी वाळू काढा. तुमची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असणार. पूर्ण रुंदी ठेवून उंची २४०० केलीत तरी ३०० पीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून) २० बाय ८ इंचांचा प्रिंट मिळतो. अशी लांबट पट्टी समुद्राला शोभते. क्षितिज आधी सरळ करून घ्या, तिरकं पाणी लगेच खटकतं. आणि दोन किल्ल्यांमधली पाण्याची फट अजिबात कापू नका. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी जंजिऱ्याचा सिद्दी उंदेरीवर येऊन बसला. समोरासमोर ठाकलेल्या या दोन बेटांची सगळी गोष्ट त्या फटीत आहे.

मग ठिपके. ते सेन्सरवरच्या धुळीचे आहेत. एरवी दिसत नाहीत, कॉन्ट्रास्ट चढला की उठून दिसतात. हील ब्रशने (शेजारचा भाग वापरून डाग बुजवणाऱ्या) एकेक काढा.

आता हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणती छटा किती आहे तो आलेख. सगळा डोंगर मधोमध आणि दोन्ही टोकं रिकामी असतील. काळा बिंदू, म्हणजे जिथून पूर्ण काळा धरायचा ती छटा, होडीच्या बुडाखालच्या सावलीवर ठरवा. तिथे खरा काळा मिळाला की बाकीचं धुकं डोळ्यांना आपोआप हलकं वाटतं. पुढे मास्क वापरा, म्हणजे फोटोचा एकेक भाग निवडून बदल तेवढ्यावरच करा : होड्यांवर कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटी (बारकावे उठावदार करणारी) मनसोक्त, उंदेरीवर डीहेझ वीसच्या आसपास, खांदेरीवर जेमतेम दहा, दीपगृह ओळखू येईल इतपतच. आभाळाला हात लावू नका. हे सगळं रॉवरच करा. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, त्या ताणल्या की आभाळात पट्टे पडतात. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, त्यातही धूसरपणा काढायची सोय आहे.

कृष्णधवल :
रंग भडकत असतील तर कृष्णधवल करून बघा. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलांचा (रंगांच्या थरांचा) बनलेला असतो. त्यातल्या रेड चॅनलमध्ये धूसरपणा सहसा सर्वांत कमी असतो आणि ब्लूमध्ये सर्वांत जास्त, म्हणून रूपांतर करताना लाल वाढवा, निळा उतरवा.

गलबत :
उपाय चांगला आहे, पण होड्यांचे निळे-हिरवे पट्टे बाबांना ओळखीचे असणार. मी रंग ठेवीन.

माहेर_थळ :
गलबतदादा, मास्कची युक्ती फारच कामाला आली! खांदेरी मागे गेली, उंदेरी पुढे आली. होडीच्या नाळेवरचा झेंडूचा सुकलेला हार आत्ता कुठे दिसला. आता कागद कोणता घेऊ?

गलबत :
मॅट, म्हणजे न चकाकणारा घ्या. ग्लॉसी कागदावर आणि काचेवर खिडकीचा उजेड पडला की पुन्हा धुरकटच दिसेल. पडद्यापेक्षा प्रिंट गडद येतो, म्हणून मधल्या छटा थोड्या उजळून फाइल द्या, आणि आधी छोटा नमुना काढून तो बाबांच्या खोलीतल्याच दिव्याखाली बघा. एक गोष्ट मात्र सांभाळा : तुमचं आभाळ जवळजवळ पांढरं आहे. भोवती शुभ्र माउंट (फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची चौकट) लावलात तर फोटो वरून कुठे संपतो ते कळणारच नाही. फिकट राखाडी माउंट सांगा, नाहीतर फोटोला केसाएवढी बारीक करडी रेघ आखून घ्या. लावतानाही बाबा पलंगावर बसले की क्षितिज त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असं बघा, खिळा त्या मापानेच ठोका.